आत आलेली बाई

बारकीला बारकी म्हणायचं वय केव्हाच उलटून गेलं होतं. कानशिलावरचे केस पांढरे झाले होते, प्रयोगशाळेत तिच्या हाताखाली माणसं होती आणि तिथे सगळे तिला मॅडम म्हणायचे. पण घरात पाऊल टाकलं की ती बारकी. हे नाव आता अण्णा आणि दादा, दोघांच्याच तोंडी उरलं होतं. आई होती तोवर तिच्याही होतं.

तिचं काम सांगायला सोपं, करायला किचकट. रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये एक भिंत असते. त्या भिंतीच्या पेशी ती बशीत वाढवायची. भिंत म्हणजे मेंदूतल्या केसाहून बारीक रक्तवाहिन्यांचं अस्तर. अंगात इतर ठिकाणी या अस्तराच्या पेशींमध्ये फटी असतात, रक्तातलं बरंच काही त्यांतून पाझरतं. मेंदूत ते चालत नाही. तिथे पेशीला पेशी अशी घट्ट भिडलेली असते की मधून काही सरकायला वाव नाही. बाहेरून दुसऱ्या जातीच्या पेशी त्यांना मिठी मारून बसलेल्या, आणि त्याच्याही बाहेर ताऱ्यासारख्या फांद्या फुटलेल्या पेशी आपले पाय टेकवून राखण करत उभ्या. प्राणवायू आपसूक आत जातो. साखरेला वेगळं दार आहे. आणि नको ते काही चुकून शिरलंच, तर त्याला मानगूट धरून परत रक्तात फेकणारे पंप त्या पेशींच्या अंगातच असतात. बारकी बशीतल्या थराच्या वर एक आणि खाली एक अशा तारा लावायची आणि वीज किती अडते ते बघायची. जितकी अडेल तितकी भिंत पक्की.

"म्हणजे जन्मभर भिंतीशी बोलायचं," दादा म्हणायचा. दादा पार्सलची गाडी चालवायचा आणि दिवसभर माणसांशी बोलून घरी येऊन पुन्हा बोलायचा.

अण्णांचा धंदा पाट्या रंगवायचा. दुकानांच्या, दवाखान्यांच्या, वाचनालयांच्या. छापील पाट्या आल्या आणि काम आटलं, तरी हात चालूच होता. रस्त्याने जाताना कुणाची पाटी वाकडी दिसली की ते थांबायचे आणि तोंडाने च्यक् करायचे. दुकानदार बाहेर येऊन बघायचा, काय झालं म्हणून. घरातल्या कामाला मात्र त्यांनी जन्मात हात लावला नव्हता. शर्टाचं बटण तुटलं तर तो शर्ट कपाटात आत ढकलायचा, एवढाच त्यांचा शिवणाशी संबंध.

त्यांच्या मेंदूत गाठ निघाली ती हातावरून कळली. उजवा हात थरथरायला लागला. मग चमचा सुटायला लागला. मग बोलताना शब्द निसटायला लागले. खिडकीला ते "ते उजेडाचं" म्हणायला लागले. गाठीवर चालणारं औषध होतं. बशीत त्याने गाठीच्या पेशी पटापट मरायच्या. पण शिरेतून दिलं की ते अंगभर फिरायचं आणि मेंदूच्या दाराशी जाऊन अडायचं. थोडंफार आत गेलंच तर पंप बाहेर काढायचे. बारकीने ज्या भिंतीची इतकी वर्षं वाहवा केली, ती आता बापाच्या जिवावर उठली होती.

"एक मार्ग आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. सडपातळ बाई, बोलायच्या हळू आणि बोलताना समोरच्याचा हात बघायच्या, चेहरा नाही. "कानाला ऐकू येत नाही असा आवाज डोक्याच्या बाहेरून गाठीवर रोखायचा. रक्तात आधी बारीक बुडबुडे सोडायचे. आवाज लागला की ते बुडबुडे थरथरतात आणि पेशींचे सांधे जरा सैल होतात. तेवढ्यात औषध द्यायचं. दुसऱ्या दिवसापर्यंत सांधे आपोआप मिटतात."

"आणि तोवर दार सताड उघडं?" अण्णांनी विचारलं.

"सताड नाही. किलकिलं. फक्त गाठीच्या आसपास."

"मग दुसरं कुणी शिरलं तर?"

डॉक्टरीणबाई हसल्या. "रेणू शिरतील, माणसं नाही."

आधीच्या औषधांनी अण्णांच्या अंगातलं रक्त फार कमी झालं होतं, म्हणून आदल्या दिवशी त्यांना रक्ताची पिशवी चढवली. बुधवारी सकाळी डोक्याचा तुळतुळीत गोटा करून, त्यावर पाण्याने भरलेलं टोपडं चढवून त्यांना यंत्रात सरकवलं. काचेपलीकडे बारकी उभी होती. पडद्यावर गाठीभोवतीचा काळा भाग हळूहळू पांढुरका व्हायला लागला, दुधाचा थेंब पाण्यात पसरावा तसा. हे तिने बशीत शेकडो वेळा केलं होतं, औषध टाकून थर सैल करायचा आणि मग तो परत मिटताना बघायचा. बशीतल्या पेशींना बाप नसतो, एवढाच फरक.

दुपारी अण्णांना खोलीत आणलं. ते जागे होते, शांत होते. बारकीने उशी सारखी केली. तेव्हा अण्णा पलंगावर जरासे भिंतीकडे सरकले आणि मोकळ्या झालेल्या जागेकडे बघत अगदी अदबीने म्हणाले, "बसा."

"कुणाला म्हणताय, अण्णा?"

"या बाईंना. केव्हाच्या उभ्या आहेत."

खोलीत दोघंच होती.

बारकीने घंटा दाबली. डॉक्टरीणबाईंनी बत्ती डोळ्यात मारून बघितलं, हात दाबायला लावला, प्रश्न विचारले. "थोडी सूज असते," त्या म्हणाल्या. "भिंत मिटली की भासही जातील."

दुसऱ्या दिवशी भिंत मिटली. पडद्यावरचा पांढुरका डाग गेला. बाई गेली नाही.

घरी आल्यावर अण्णा तिच्याविषयी फारसं बोलायचे नाहीत. विचारलं तर म्हणायचे, "आहे. गप्प असते. वाट चुकलेल्या माणसासारखी." आता ती खोलीत नव्हती, डोक्यात होती, हे सांगताना ते कानामागे बोट लावायचे. जेवताना ते मध्येच थांबायचे, जणू कुणी आधी घास घ्यावा म्हणून वाट बघतायत. दादा एकदा चेष्टेने म्हणाला, "अण्णा, या वयात?" अण्णांनी त्याच्याकडे असं बघितलं की तो पुढे बोलला नाही.

बारकीने डॉक्टरीणबाईंना दोनदा फोन केला. त्या म्हणाल्या, गाठ दबली की मेंदू असे खेळ करतो, झोप नीट होतेय ना? झोप नीट होत होती. अण्णा पूर्वी घोरायचे, ते घोरणंही थांबलं होतं. ते कुशीवर, हात गालाखाली जोडून झोपायला लागले होते. आयुष्यभर हा माणूस उताणा झोपला होता.

मग झग्याची गोष्ट झाली. बारकीच्या प्रयोगशाळेतल्या पांढऱ्या झग्याला बाहीपाशी आम्लाने भोक पडलं होतं, बोट जाईल एवढं. तिने तो टाकून द्यायचा म्हणून खुर्चीवर ठेवला होता. रविवारी दुपारी ती बाजारातून परतली तेव्हा अण्णा खिडकीशी बसले होते, झगा मांडीवर आणि उजव्या हातात सुई. आईचा शिवणाचा डबा जवळ उघडा पडला होता, कुठून शोधला कोण जाणे. ज्या हातात चमचा ठरत नव्हता तो हात चालत होता. सरळ, भराभर, एकही थरथर नाही. झग्याच्याच आतल्या शिवणीतले धागे उसवून काढले होते आणि भोकावर आडवे उभे, एकाखालून एकावरून, पुन्हा कापड विणणं चाललं होतं.

बारकी पिशव्या हातात घेऊन तशीच उभी राहिली.

"अण्णा, हे कुणी शिकवलं तुम्हाला?"

"डोळ्यांनी बघायचं नसतं," अण्णा म्हणाले. आवाज त्यांचाच, पण बोलणं त्यांचं नव्हतं. "डोळा फसतो. बोटाने बघायचं. बोटाला खाच लागली नाही की झालं."

त्यांनी धागा दाताने तोडला आणि झगा तिच्या हातात दिला. बारकीने तो उजेडात धरला, उलटा केला, बोट फिरवलं. भोक कुठे होतं ते तिला सापडेना.

संध्याकाळी दादा आला, त्यालाही सापडलं नाही. तो बराच वेळ झगा हातात घेऊन बसला. मग म्हणाला, "पोरकटपणा वाटेल, पण मला घरात जायला भीती वाटतेय." आणि तो घरातच बसला होता.

त्याच आठवड्यात अण्णा पाटीबद्दल बोलायला लागले. चहा पिताना मध्येच म्हणाले, "अक्षरं चांगली आहेत. निळी. पण ऊन लागून उडालीत."

"कुठली अक्षरं?"

"काचेवरची. दिवसभर समोर असतात." ते कपाळाला आठ्या घालून आठवायला लागले. "रंगवणाऱ्याचा हात बरा होता, पण एक कळत नाही. उलटी का काढली असतील? प्रत्येक अक्षर उलटं. आरशात दिसतं तसं."

बारकीने त्यांच्यापुढे कागद ठेवला. थरथरत्या हाताने अण्णांनी ओळ काढली. हा त्यांचा स्वतःचा हात होता, आजारी. अक्षरं खरंच उलटी होती. तिने कागद खिडकीच्या काचेला लावून पाठीमागून वाचला. 'रफू करून मिळेल'. खाली एक कात्री.

दादाने कागद बघितला आणि त्याचा चेहरा उतरला. "हे दुकान आहे," तो म्हणाला. "टपाल कचेरीच्या मागच्या गल्लीत. मी तिथे पार्सलं टाकतो. ही कात्री काचेवर आहे, अशीच, एक पातं तुटलेली."

"मग अण्णांनी कधीतरी बघितलं असेल. पाटी दिसली की ते थांबतातच."

"बघितलं असेल. पण रस्त्यावरून पाटी सरळ दिसते, बारकी. उलटी दिसायला माणूस दुकानाच्या आत बसलेला हवा."

आत अण्णा खोकले, आणि त्या खोकल्यानेही दोघं दचकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती दोघं दादाच्या गाडीतून गेली. गल्ली अरुंद होती, दुकान त्याहून अरुंद. काचेवर निळी अक्षरं, उन्हाने उडालेली. आत गल्ल्यापाशी चाळिशीची एक बाई बसली होती. तिने दादाला ओळखलं आणि म्हणाली, "आज काही यायचं नव्हतं."

"पार्सल नाही. रफूचं विचारायचं होतं."

"रफू बंद आहे सध्या. आक्काची तब्येत बरी नाही. ती माझी थोरली बहीण, या काचेशी बसून काम तीच करायची. मी नुसती गिऱ्हाइकं बघते."

बारकीने पिशवीतून झगा काढला आणि बाही पुढे केली. का केलं ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं. बहिणीने सवयीने बाही हातात घेतली, आतून बोट फिरवलं, आणि ते बोट एका जागी थांबलं. भोक होतं तिथेच.

"हे आक्काचं काम आहे," ती म्हणाली. "शेवटचा धागा ती असा तिरका जिरवते, दुसरं कुणी जिरवत नाही. केव्हा दिलं होतंत?"

"ह्या रविवारी झालं हे."

"शक्यच नाही. आक्काने महिनाभर सुई धरलेली नाही."

दादाने खुर्ची ओढून घेतली आणि न विचारताच बसला. बारकीने विचारलं, काय झालं त्यांना? बहीण सांगायला लागली, जणू कुणीतरी विचारावं म्हणूनच थांबली होती. आक्का कधी आजारी पडली नाही. नेमाने रक्तसुद्धा द्यायची, मागच्या महिन्यात देऊन आली, ठणठणीत होती. मग आठवडाभराने, एका बुधवारी सकाळी, सुई ओवता ओवता हात थांबला. सुईकडे बघत राहिली, ही काय वस्तू आहे म्हणून. तेव्हापासून बसून असते. खाते, पिते, अंघोळ करते. बोलत नाही. डॉक्टरांनी डोक्याची सगळी चित्रं काढली, कुठे काही नाही. "घरात माणूस असतो आणि नसतो, असं झालंय," बहीण म्हणाली आणि पदरासारखा ओढणीचा कोपरा डोळ्यांना लावला.

बुधवार. बारकीला आदल्या दिवशी अण्णांना चढवलेली पिशवी आठवली, आणि काचेपलीकडचा पडदा, काळ्यात पसरणारं दूध. रक्त रोज कुणाचं तरी कुणाला तरी चढतं. कुणाला काही होत नाही. तिला आत्तापर्यंत वाटायचं, रक्तात माणसाचं तसं काही नसतंच म्हणून होत नाही. आता पहिल्यांदा मनात आलं, की भिंत असते म्हणून होत नसेल.

"मी त्यांना बघू का?" तिने विचारलं.

मागच्या खोलीत उंच खिडकी होती, लांब टेबल, त्यावर झाकून ठेवलेले कोट आणि विजारी. आक्का खुर्चीवर बसली होती. साठीची, रुंद खांद्यांची बाई, हात मांडीवर पालथे. ती समोरच्या भिंतीकडे बघत होती. बारकी तिच्यासमोर जाऊन वाकली, तेव्हा त्या बाईचे डोळे सावकाश वर आले आणि ओळख पटावी तसे थांबले.

"बारकी," आक्का म्हणाली.

गल्ल्याशी दादाच्या हातातून किल्ल्या खाली पडल्या.

"अण्णांचे पाय गार पडलेत," आक्का म्हणाली. "मोजे घाल त्यांना." एवढं बोलून ती पुन्हा भिंतीकडे बघायला लागली. बहीण दारात उभी राहून रडत होती, आक्का बोलली म्हणून. काय बोलली ते तिने ऐकलंच नव्हतं.

दादाने गाडी तडक घरी आणली. अण्णा खिडकीशी बसले होते. बारकीने जाऊन त्यांच्या पावलांना हात लावला. बर्फासारखी होती.

अण्णांना तिने सगळं सांगितलं. लपवण्यात अर्थ नव्हता, आत ऐकणारं कोणी असेल तर त्यांना आधीच कळलं असतं. अण्णांनी ऐकून घेतलं.

"मला वाटलंच," ते म्हणाले. "परकी बाई आहे, पण चांगली आहे. सारखी दार शोधते. मी म्हटलं, बाई, मलाही माहीत नाही." मग बऱ्याच वेळाने म्हणाले, "तिला घरी जाऊ द्यायला पाहिजे."

दुसरी खेप आधीपासूनच ठरलेली होती, पण आता डॉक्टरीणबाई का-कू करायला लागल्या. गाठ निम्म्याहून लहान झाली होती. पहिल्या वेळी गाठीच्या कडेला टाचणीच्या टोकाएवढं रक्त झिरपलेलं दिसत होतं. "आता थांबलो तरी चालेल," त्या म्हणाल्या. "पुन्हा उघडलं आणि जास्त झिरपलं, तर बोलणं कायमचं जाऊ शकतं. फायदा आहे, धोकाही आहे."

दादा बाहेर येऊन बारकीवर उखडला. "एका अनोळखी बाईसाठी बापाचा जीव टांगायचा? गाठ उतरतेय, पुरे झालं. राहू दे तिला तिथे. खाते का पिते का?"

"तिची बहीण आहे, दादा."

"आणि हा आपला बाप आहे."

बारकीला आणखीही एक कळत होतं जे ती दादाला बोलली नाही. भिंत उघडली म्हणून आतलं बाहेर जाईलच असं नाही. बाहेर टाकायचं काम पंपांचं, आणि ते पंप महिनाभर चालू असूनही या बाईला त्यांनी हात लावला नव्हता. जणू ती तिथलीच आहे असं त्यांनी मानलं होतं.

निकाल अण्णांनीच लावला. डॉक्टरीणबाईंना त्यांनी सरळ सांगितलं, शब्द शोधत, पण न लाजता. माझ्या डोक्यात एक बाई अडकली आहे, ती अमुक दुकानात बसते, तिला सोडायचं आहे. औषध जाईल ते जाईल. डॉक्टरीणबाईंनी मध्ये तोंड घातलं नाही. ऐकताना त्या नेहमीप्रमाणे हाताकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, "मी हे कागदावर लिहू शकत नाही. औषधाच्या कारणाने दुसरी खेप लिहिता येते. ते कारण खोटंही नाही." जाताना बारकीला बाजूला घेऊन त्या म्हणाल्या, "तुम्ही या पेशी वाढवता ना? कधी वाटलं नाही तुम्हाला, इतका बंदोबस्त नक्की कशासाठी असेल?" आणि उत्तराची वाट न बघता पुढच्या खोलीत शिरल्या.

बारकीने दुकानात कुणाला काही कळवलं नव्हतं. कळवायचं तरी काय? पण दुसऱ्या खेपेच्या सकाळी ती इस्पितळाच्या बोळात आली, तर बाकावर आक्का बसलेली, शेजारी बहीण घाबरीघुबरी. "पहाटे उठली आणि चालायला लागली," बहीण म्हणाली. "मी नुसती मागे मागे आले. इथे कुणी ओळखीचं आहे का तुमच्या?"

"माझे वडील आहेत," बारकी म्हणाली.

काचेपलीकडे अण्णांना यंत्रात सरकवलं. बारकी अशी उभी राहिली की एका बाजूला पडदा दिसेल आणि उघड्या दारातून बाक. दादा बाकाच्या पलीकडे भिंतीला टेकून उभा होता, हाताची घडी घालून. आवाज सुरू झाला. तो कानाला ऐकू येत नाही असं म्हणतात, आणि बारकीलाही आला नाही. पण बाकावर आक्काने मान वळवली, कुणीतरी लांबून हाक मारावी तशी.

पडद्यावर दूध पसरायला लागलं.

आक्का उठून उभी राहिली. दोन्ही हात पुढे करून, अंधारात भिंत चाचपत चालावं तसे तिचे तळवे हवेत फिरायला लागले. वर, खाली, पुन्हा वर. एका जागी बोटं थांबली. तिने ती जागा पुन्हा चाचपली. बोळातून जाणारी परिचारिका थबकली, पण का कोण जाणे, जवळ गेली नाही. मग आक्काचा एक हात आत गेला. आत म्हणजे कुठे, ते बारकीला नंतरही कधी सांगता आलं नाही. समोर नुसती हवा होती. पण अरुंद फटीत घालावा तसा तो हात खांद्यापासून वळला, ते दादानेही बघितलं. त्याने डोळे मिटून घेतले.

आणि आक्का मटकन खाली बसली. बहिणीने तिला धरलं. आक्काने इकडेतिकडे पाहिलं, बाक, दिवे, माणसं, आणि तिच्या कपाळावर आठ्या पडल्या.

"छोटे," ती बहिणीला म्हणाली, "मला इथे कशाला आणलंस? दुकान उघडं टाकून आलीस की काय?"

बहीण तिच्या गळ्यात पडली. बारकी दारापाशी आली. आक्काने तिच्याकडे पाहिलं, सभ्यपणे, परक्या माणसाकडे बघतात तसं.

"ह्या कोण?" तिने बहिणीला विचारलं.

अण्णांचं बोलणं गेलं नाही. थोडं रक्त झिरपलं, मग आपोआप जिरलं. खोलीत आणल्यावर त्यांनी पलंगाच्या कडेला हात लावून बघितला आणि "गेली," म्हणाले. हात पुन्हा थरथरत होता. काही दिवसांनी दादाने मुद्दाम एक सुई आणि फाटका मोजा त्यांच्यापुढे ठेवला, तर अण्णांनी सुई वेड्यासारखी उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाले, "हे तुझ्या आईचं खातं."

"बरं वाटतं ना आता?" बारकीने विचारलं.

"बरं वाटतं," अण्णा म्हणाले. "पण फार जागा झाली आहे आत."

ते पुढचा हिवाळा काढून गेले, फुप्फुसाच्या आजाराने, झोपेतच. बारकी आणि दादा दोघंही जवळ होती. श्वास थांबला, आणि दादा अजून त्यांची नाडी बघत होता, तेवढ्यात फोन वाजला. पलीकडून एका बाईचा संकोचलेला आवाज आला. "माफ करा, चुकीचा नंबर असेल. मी रफूच्या दुकानातून बोलतेय. बोटांनी आपोआप फिरवला हा नंबर. तुमच्याकडे कुणाला काही झालंय का?"

बारकीने सांगितलं, वडील आत्ताच गेले. मग आक्का म्हणाली, "ते मला ओळखत होते का हो?"

"हो," बारकी म्हणाली.

वसंतात प्रयोगशाळेच्या अंगणात रक्तदानाची गाडी आली. बारकी दरवर्षी द्यायची. रांगेत उभी असताना तिला दोनदा परत फिरावंसं वाटलं, पण मागे तिच्या हाताखालची सगळी मंडळी उभी होती, आणि त्यांना काय सांगणार? ती आडवी झाली. सुई टोचली. कोपराशेजारी पिशवी हळूहळू फुगायला लागली. हाताला लागली तेव्हा ती कोमट होती.

"हे कुणाला जाईल?" तिने विचारलं.

"ते सांगत नाहीत," परिचारिका म्हणाली. "मूठ उघडा, मिटा."

संध्याकाळी तिने दादाला फोन केला. "दादा, मी कधी कामात असताना अचानक थांबले, किंवा तुला ओळखलं नाही, तर वार आणि वेळ लक्षात ठेव. आणि मला शोधायला जा."

"कुठे जाऊ?"

"ते मी कुठून सांगणार?"

दादा एरवी काहीतरी बोलला असता. त्याने फक्त विचारलं, "आत्ता आहेस ना?"

"आहे," बारकी म्हणाली. तरी त्याने फोन ठेवला नाही, आणि तिनेही नाही.